या प्रेमकथांना समीक्षक हवा

गेल्या महिन्यात वाचलेल्या एका कादंबरीतला प्रसंग. जुने नकाशे दुरुस्त करणारे दोघंजण एका संग्रहालयात शेजारी शेजारी काम करतात. तिला लहानपणापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. वाचकाला हे पहिल्याच प्रकरणात कळतं, पण कामाच्या ठिकाणी तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही. पुढची जवळजवळ दोनशे पानं कागद, खळ, फाटक्या कडा, बंद पडलेला हीटर अशा गोष्टींत जातात. मग एका संध्याकाळी ती दुसऱ्याच एका माणसाबरोबर रस्त्यानं चाललेली असते. तो तिच्या डावीकडून चालतोय, उत्साहानं बोलतोय आणि तिला त्यातलं अर्धंमुर्धंच ऐकू येतंय. सारखं वळून बघून तिची मान अवघडते. चालता चालता ती एकदम थांबते. आपल्या शेजारी काम करणारा तो माणूस गेल्या आठ महिन्यांत एकदाही आपल्या डावीकडून चाललेला नाही, हे तिच्या लक्षात येतं.

प्रकरण तिथेच संपतं. मी पुढचं पान उलटलं नाही, मागची चाळत गेले. बेचाळिसाव्या पानावर एक वाक्य सापडलं. त्यानं आपली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली होती. खिडकीतल्या उजेडासाठी नेली असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

अशा कादंबऱ्यांना हल्ली 'स्लो-बर्न' म्हणतात. दोन माणसं भेटतात, पण प्रेम ताबडतोब जमत नाही. ते हळूहळू साचत जातं, आणि पहिला स्पर्श, पहिला कबुलीचा शब्द यायला अर्ध्याहून अधिक पुस्तक उलटून जातं. हा शब्द रुळला तो मुख्यतः फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तकांतली-मालिकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, वाचणाऱ्यांमध्ये. 2009 मध्ये सुरू झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'सारख्या ऑनलाइन संग्रहात प्रत्येक कथेला, तिच्यात काय आहे ते सांगणारे टॅग लावलेले असतात, त्यांतला हा एक. आता छापील पुस्तकांच्या जाहिरातीही त्याच भाषेत होतात. 'एनिमीज टू लव्हर्स', 'फेक डेटिंग', 'स्लो-बर्न' अशी लेबलं पाहून वाचक पुस्तक उचलतो. वाचक भरपूर आहेत, लिहिणारे भरपूर आहेत. नाही ते फक्त एक: या पुस्तकांकडे पुस्तक म्हणून पाहणारी समीक्षा. ज्या पुरवण्या आणि नियतकालिकं कवितासंग्रहाला दीड पान देतात, गुन्हेगारी कादंबरीलाही आता अधूनमधून एक रकाना देतात, त्यांच्या लेखी प्रेमकथा अस्तित्वातच नसते. आली तर 'टाइमपास' या एका शब्दात तिची बोळवण होते. ही उपेक्षा चुकीची आहे, आणि तिचा फटका सगळ्यात आधी वाचकाला बसतो, असं माझं ठाम मत आहे.

उपेक्षा आणि टीका यांत फरक केला पाहिजे. 1856 मध्ये, पुढे जॉर्ज एलियट या पुरुषी टोपणनावानं गाजलेल्या इंग्लिश लेखिकेनं बायकांनी लिहिलेल्या उथळ कादंबऱ्यांवर एक जहाल लेख लिहिला. तेव्हा तिची स्वतःची एकही कथा प्रसिद्ध झालेली नव्हती. तो लेख आजही झोंबतो. पण तिचा राग प्रेमाच्या विषयावर नव्हता. या लेखिका डोळे उघडून माणसं बघत नाहीत, त्यांच्या नायिका अशक्य गुणांच्या पुतळ्या असतात, हा तिचा आक्षेप होता. आणि शेवटी तिनं हेही बजावलं की कादंबरी हा प्रांत बायकांना पूर्ण साधलेला आहे, उत्तम कादंबरी त्या लिहू शकतात. ज्या लेखनाकडून काही अपेक्षा असते त्याच्यावरच माणूस एवढा चिडतो. आज प्रेमकथेवर कुणी चिडतसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटतं.

वाचणाऱ्यांचा विचार करायचा तर अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकासाठी एक साधी गोष्ट केली होती. पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईच्या सल्ल्यानं प्रेमकथा निवडणाऱ्या बायकांशी ती जाऊन बोलली. आम्ही वाचतो तेव्हा तो वेळ आमचा असतो, घरातल्या कुणाचा त्यावर हक्क नसतो, असं त्या बायकांनी सांगितलं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या निवडीचं. त्या वाटेल ते वाचत नव्हत्या. नायिकेला तुडवणारा नायक त्यांना खपत नव्हता, बुळी नायिकाही खपत नव्हती. चांगलं पुस्तक कुठलं आणि वाईट कुठलं, याबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि कारणंही तयार होती. म्हणजे समीक्षा होतच होती. ती दुकानाच्या काउंटरवर होत होती, छापून येत नव्हती, एवढंच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. स्लो-बर्नवरचा नेहमीचा आक्षेप असा: 'दीडशे पानांचा ऐवज पाणी घालून चारशे पानांवर नेलेला असतो.' वाईट कादंबरीबाबत हे शंभर टक्के खरं आहे. चांगल्या कादंबरीत मात्र तो उशीर हाच ऐवज असतो. खुर्ची हलवण्याचा प्रसंग बेचाळिसाव्या पानावर घडतो आणि त्याचा अर्थ दोनशेव्या पानाच्या आसपास उलगडतो. मधली दीडशे पानं काढून टाकली तर ती खुर्ची नुसती खुर्ची उरेल. दुसऱ्या माणसाकडे लक्ष देणं, त्याला न सांगता त्याची अडचण ओळखणं, ओळखल्याचा गवगवा न करणं, ही गोष्ट सांगायला कादंबरीकाराला वेळ लागतो, कारण जगण्यातही तिला वेळच लागतो. एका परिच्छेदात 'तो फार समजूतदार होता' असं लिहिता येतं. त्यावर विश्वास कोण ठेवणार?

आपल्या जुन्या काव्यशास्त्राला हे नीट ठाऊक होतं. शृंगाराचे दोन भाग, संभोग म्हणजे मीलन आणि विप्रलंभ म्हणजे विरह. त्यातल्या विप्रलंभाचे चौदाव्या शतकातल्या विश्वनाथानं 'साहित्यदर्पणा'त चार प्रकार केले: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. पूर्वराग म्हणजे भेटीआधीची ओढ. आज ज्याला स्लो-बर्न म्हणतात त्याचा मोठा भाग या एका शब्दात बसतो. त्याच ग्रंथात एक दृष्टान्त येतो. विप्रलंभाशिवाय संभोगाला पुष्टी येत नाही, कारण आधी कषायात भिजवलेल्या वस्त्रावरच रंग अधिक चढतो. हिरड्यासारख्या तुरट काढ्यात कापड आधी बुडवून काढतात, मग रंग धाग्यात धरतो, टिकतो. 'राग' या शब्दाचे रंग आणि प्रेम असे दोन्ही अर्थ त्यात खेळवलेले आहेत. मला हा दृष्टान्त फार आवडतो, कारण तो कारागिराचा आहे. कापड तुरट पाण्यात पडून असतं तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, काहीच घडत नाहीये.

आणि उशीर कसा मोडायचा हा तर लेखकाच्या कसबाचा कस लावणारा प्रश्न. इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' ही कादंबरी 1817 च्या अखेरीस, तिच्या मृत्यूनंतर आली. सत्तावीस वर्षांची ॲन आणि कॅप्टन वेंटवर्थ यांचं ठरलेलं लग्न आठ वर्षांपूर्वी घरच्यांच्या आणि हितचिंतकांच्या सांगण्यावरून मोडलेलं आहे. आता दोघं पुन्हा एकाच गोतावळ्यात येतात, आणि एकमेकांशी जेमतेम बोलतात. मधे एक प्रसंग आहे. ॲन आजारी भाच्याजवळ गुडघे टेकून बसली आहे आणि दुसरा, दोन वर्षांचा भाचा तिच्या पाठीवर चढून गळ्याला मिठी मारून लोंबकळतोय. ती रागावते, विनवते, तो उतरत नाही. इतक्यात तिला जाणवतं की पाठीवरचं ओझं कुणीतरी उचललं, ते चिमुकले हात कुणीतरी मानेवरून सोडवले. तो वेंटवर्थ होता हे कळेपर्यंत तो मुलाला घेऊन बाजूला झालेला आहे. ती आभारसुद्धा मानू शकत नाही. वेंटवर्थ तिच्यावर अजून रागावलेलाच आहे, तरी तिला होणारा त्रास त्याला बघवत नाही. एवढंच घडतं, आणि वाचकाचा जीव टांगणीला लागतो.

त्या कादंबरीचा शेवट ऑस्टिननं आधी वेगळा लिहिला होता. ते प्रकरण तिच्या हस्ताक्षरात आजही उपलब्ध आहे. त्यात ॲनचं दुसऱ्याच एका नातलगाशी लग्न ठरतंय का, हे विचारायचं काम वेंटवर्थवर येऊन पडतं. ती नाही म्हणते आणि दोघांचा समेट होतो. कथा संपली असती. पण ऑस्टिनचं समाधान झालं नाही. 1816 च्या उन्हाळ्यात तिनं तो शेवट रद्द करून नवा लिहिला. नव्या शेवटात ॲन एका मित्राशी बोलते आहे, विषय आहे आशा सुटल्यावरही कोण जास्त काळ प्रेम करतं, पुरुष की बाई. त्याच खोलीत वेंटवर्थ पत्र लिहीत बसला आहे, तिचं बोलणं त्याच्या कानावर पडतंय. त्याच्या हातून लेखणी खाली पडते. तिथेच बसून तो तिला पत्र लिहितो. पहिल्या शेवटात योगायोगानं काम भागलं होतं. दुसऱ्यात, वर्षानुवर्षं गप्प राहिलेली ॲन आपलं मन स्वतः बोलून दाखवते, आणि तिच्या बोलण्यानंच गाठ सुटते. दोन्हीकडे लग्न होतंच. फरक कुठे पडला हे ज्याला सांगता येतं, त्याला मी प्रेमकथेचा समीक्षक म्हणेन.

म्हणून 'शेवट माहीत असतो, मग वाचायचं काय' हा आक्षेप मला फार वेळ अडवत नाही. शेवट सुखाचा होणार, हा या प्रकारातला वाचकाशी केलेला करारच आहे. अमेरिकेतल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेच्या व्याख्येतसुद्धा मध्यवर्ती प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशादायी शेवट या दोनच अटी आहेत. रहस्यकथेत खुनी सापडणार, हाही करारच असतो. शेवटाची धास्ती संपली की नजर 'कसं' याकडे जाते. संस्कृत नाटक बघायला बसलेल्या प्रेक्षकाला कथा बहुधा आधीच माहीत असे. तो रसासाठी येई.

याहून गंभीर आक्षेप वेगळे आहेत, आणि ते प्रेमकथेच्या शत्रूंनी घेण्याऐवजी आम्ही वाचकांनी घ्यायला हवेत.

एक, खोटा उशीर. दोघांचं जमत आलेलं असतं आणि तीनशेव्या पानावर ती त्याला कुणाबरोबर तरी बोलताना बघते, गैरसमज करून घेते, फोन बंद करते, गाव सोडते. वाचकवर्गात याला 'थर्ड ॲक्ट ब्रेकअप' असं नावच पडलंय, इतकं ते नेमाचं झालं आहे. माझी एक साधी कसोटी आहे. दोघं एका जागी बसून पंधरा मिनिटं खरं बोलली तर कथा संपते का? संपत असेल, तर तो उशीर लेखकानं बाहेरून आणून घातलेला आहे. चांगल्या कादंबरीत ते बोलणं होतं, मध्यावरच होतं, दोघंही खरं बोलतात, आणि तरीही घोडं पुढे सरकत नाही. कारण अडचण माहितीची नसतेच. कुणाला आपल्या आयुष्यात कुणाची गरज पडावी हीच भीती वाटते. कुणी एका संसारातून नुकतं बाहेर पडलेलं असतं आणि पुन्हा स्वतःचं घड्याळ दुसऱ्याच्या घड्याळाला जुळवायची त्याची तयारी नसते. बोलून सुटणारी गाठ आणि बोलूनही न सुटणारी गाठ यांतला फरक टॅग सांगत नाही. दोन्ही पुस्तकांवर 'स्लो-बर्न' असंच लिहिलेलं असतं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. वाट पाहणं आणि पिच्छा पुरवणं या दोन गोष्टी पानांच्या हिशेबात सारख्याच दिसतात. ती नाही म्हणते. तो तिच्या दारात उभा राहतो, भेटी पाठवतो, तिच्या मैत्रिणींना वश करतो, तिच्या नोकरीच्या ठिकाणी पोचतो, आणि साडेतीनशेव्या पानावर ती हो म्हणते. यालाही 'हळूहळू फुललेलं प्रेम' म्हणून विकलं जातं. हे प्रेम फुललेलं नाही, एका माणसाचा नकार झिजवला गेला आहे. नकाशे दुरुस्त करणारा तो माणूस आठ महिने उजवीकडून चालतो आणि त्याबद्दल काही मागत नाही. तिच्या लक्षात आलं नसतं तरी तो तसाच चालत राहिला असता, अशी आपली खात्री पटते. कुठला नायक तिच्या नकाराला नकार मानतो आणि कुठला त्याला अडथळ्यांची शर्यत समजतो, हे ओळखणं प्रौढ वाचकाला जमतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा पहिल्यांदाच अशी पुस्तकं वाचत असेल, तर कुणीतरी त्यांच्याशी याबद्दल बोलायला हवं. पुस्तक हिसकावून घेऊन किंवा 'हा कचरा वाचू नकोस' म्हणून ते बोलणं होत नाही. मला त्या वयात हेच ऐकायला मिळालं. एका शिक्षिकेनं वर्गासमोर माझ्या हातातली कादंबरी दोन बोटांत धरून उंच केली होती. त्या पुस्तकात खरोखरच दोष होते, नायक चांगलाच दांडगट होता. बाई तेच बोलल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल बोलल्या. त्यामुळे मी दोनच गोष्टी शिकले: पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायला, आणि त्या नायकाबद्दल मनात आलेली शंका कुणाला न विचारायला.

उपेक्षेचं नुकसान नेमकं असं होतं. ज्या वाचनाची लाज वाटायला लावली जाते, त्या वाचनाबद्दल माणूस मोकळेपणानं प्रश्न विचारत नाही. आणि ज्या प्रकाराला समीक्षक नसतो, तिथे पुस्तकाची निवड जाहिरात करते. टॅग पुस्तकात काय आहे ते सांगतो, ते कसं लिहिलंय हे सांगणं त्याचं कामच नाही. लेखकांवरही याचा परिणाम होतो. काळजीपूर्वक लिहिलेल्या पुस्तकाला आणि साच्यातून काढलेल्या पुस्तकाला एकच लेबल आणि सारखंच मौन मिळत असेल, तर काळजी घेण्याचं कारण फक्त लेखकाच्या स्वाभिमानात उरतं. तो स्वाभिमान अनेकांजवळ आहे, हे माझ्यासारख्या वाचकाचं भाग्य. त्यावर एखादा साहित्यप्रकार किती दिवस सोडून द्यायचा?

मी फार मोठं काही मागत नाही. पुरवण्यांनी महिन्यातून एका प्रेमकथेचं तिखटमीठ न लावता, नाकही न मुरडता परीक्षण छापावं, आणि परीक्षण करणाऱ्यानं तो प्रकार वाचलेला असावा. वाचनालयांच्या निवड समित्यांनी या पुस्तकांची मोजून खरेदी करण्याऐवजी वाचून खरेदी करावी. कादंबरी शिकवणाऱ्यांनी निवेदनाचा वेग हा विषय शिकवताना एखादी आजची प्रेमकथा समोर घ्यावी. माहिती कधी राखून ठेवायची, कधी द्यायची, एकाच पात्राच्या नजरेतून सांगताना दुसऱ्याचं मन कसं दिसू द्यायचं, हे शिकायला याहून उघडा नमुना मिळणं अवघड आहे. नकाशांच्या कादंबरीत पूर्ण कथा तिच्याच नजरेतून येते. त्याच्या मनात काय आहे हे लेखिका एकदाही सांगत नाही, आणि तरी शेवटाकडे येईपर्यंत आपण त्याला तिच्याइतकंच ओळखू लागतो.

त्या कादंबरीचं परीक्षण मला लिहायला मिळालं असतं तर मी तिचं मनापासून कौतुक केलं असतं. आणि शेवटच्या पानाबद्दल भांडलेही असते. उपसंहारात दोन वर्षं उलटून गेली आहेत. प्रदर्शनात तिनं दुरुस्त केलेला नकाशा भिंतीवर लागला आहे, भोवती गर्दी आहे, गलका आहे. तो मागून येतो, तिच्या डाव्या कानाशी वाकतो आणि काहीतरी पुटपुटतो. ती ऐकते आणि हसते.